स्पायडरमॅनचं पारायण: नऊशेच्या वर अंक आणि मधले मुक्काम

माझी पहिली गाडी १४९व्या अंकावर बंद पडली. ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ पहिल्या अंकापासून ओळीने वाचून काढायचं, असं एका मे महिन्यात ठरवलं होतं. रोज आठ-दहा अंक, शनिवार-रविवारी त्याहून जास्त. सोळाव्या दिवशी रात्री न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये दोन पीटर पार्कर एकमेकांना ठोसे लगावत होते, एक खरा आणि एक क्लोन, आणि त्यातला खरा कोणता याचं मला काडीचंही सोयरसुतक उरलं नव्हतं. टॅबलेट उशीखाली सरकवला. तो परत त्या पानावर उघडला तेव्हा चौदा महिने उलटले होते. गोष्टीत पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिंडतीफिरती दिसली आणि मी चक्रावलो, कारण ती मेल्याचं पक्कं आठवत होतं. ती परत कशी आली, ते मात्र साफ पुसलं गेलं होतं.

दोष मालिकेचा नव्हता. ही मालिका बारा सेंटला एक अंक घेणाऱ्या, तो वाचून पुढच्यासाठी महिनाभर ताटकळणाऱ्या पोरांसाठी लिहिलेली आहे. १९७३ साली १२१वा अंक मिटून १२२वा हातात येईपर्यंत वाचकाने महिना काढला. मी त्या दोन अंकांमध्ये पाणी प्यायला उठलो होतो, तेवढीच काय ती फुरसत. म्हणजे महिन्याची विश्रांती मालिकेच्या बांधणीतच होती आणि सगळे अंक एका स्क्रीनवर मिळाल्याच्या नादात मी ती काढून टाकली होती. पुढे जे सांगतोय ते ती विश्रांती पुन्हा आत कशी बसवायची त्याबद्दल. उदाहरण स्पायडरमॅनचं आहे, कारण माझे हात तिथेच पोळले. एक्स-मेन किंवा बॅटमॅन वाचणाऱ्यांनी अंकांचे आकडे बदलून घ्यावेत.

आधी आवाका पाहून घ्या

सुरुवात ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात होते. मुखपृष्ठावर ऑगस्ट १९६२, लेखक स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिटकोची. गोष्ट फक्त अकरा पानांची आहे. कोळी चावणं, कुस्तीचा आखाडा, चोराला सोडून देणं, बेन काकांचा खून, सगळं अकरा पानांत. पुढच्या साठ वर्षांत या अकरा पानांवर किती हजार पानं चढवली गेली ते पाहिलं की गंमत वाटते. स्वतंत्र मालिकेचा पहिला अंक मार्च १९६३चा.

पहिली सलग मालिका ४४१व्या अंकाला, १९९८च्या शेवटी, थांबते. १९९९ साली पुन्हा १ पासून मोजणी. या दुसऱ्या मालिकेचे ५८ अंक झाल्यावर, २००३ साली, मार्व्हलने ४४१ आणि ५८ यांची बेरीज करून पुढच्या अंकावर थेट ५०० छापलं. मग २०१२च्या शेवटी ७००वा अंक. त्यानंतर २०१४, २०१५, २०१८, २०२२ असा पुन्हा-पुन्हा पहिला अंक काढण्याचा सपाटाच सुरू झाला. दुकानात ‘अंक १’ जास्त खपतो, एवढंच त्याचं कारण. २०१७-१८मध्ये जुनी मोजणी परत आली आणि ८०१व्या अंकाला लेखक डॅन स्लॉट यांनी निरोप घेतला. हल्लीच्या अंकांवर छोटा क्रमांक आणि शेजारी बारीक अक्षरांत मूळ मोजणीतला क्रमांक असे दोन्ही असतात. तुमच्या नोंदीत हा दुसरा, मोठा क्रमांक लिहा. नाहीतर ‘अंक ६ पर्यंत वाचला’ असं लिहाल आणि कोणत्या मालिकेतला सहावा, ते वर्षभराने तुमच्या तुम्हालाच कळणार नाही.

आता भावंडं. १९७२ पासून ‘मार्व्हल टीम-अप’, १९७६ पासून ‘स्पेक्टॅक्युलर’, १९८५ पासून ‘वेब ऑफ स्पायडरमॅन’ आणि १९९० पासून कोणतंही विशेषण न लावलेली ‘स्पायडरमॅन’. ही सगळी तारखेप्रमाणे एकात एक गुंफून वाचायचा हट्ट धरू नका. मी धरला होता. त्यासाठी तक्ता केला, त्याला रंग दिले, आणि वाचण्यापेक्षा तक्ता सजवण्यातच दोन रविवार घालवले. एकच मुख्य मालिका धरा आणि गोष्ट उडी मारून भावंडांच्या घरी गेली तरच तिच्यामागे जा. १९८७ सालची ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’ ही सहा भागांची कथा अशीच तीन मालिकांत दोन-दोन अंक करून विखुरलेली आहे. मुख्य मालिकेतले २९३ आणि २९४ एवढेच वाचलेत तर मधले दोन भाग हाती लागतील, गोष्टीचं डोकं आणि शेपूट दुसरीकडेच राहील. अशा कथा सुट्या पुस्तकरूपात मिळतात, त्या तशाच घ्याव्यात.

प्रत कोणती

यावर फार वेळ घालवू नये. मार्व्हल अनलिमिटेड या सशुल्क ॲपवर जवळजवळ सगळं आहे आणि नवा अंक साधारण तीन महिन्यांनी तिथे येतो. छापील हवं असेल तर ‘एपिक कलेक्शन’चे कागदी बांधणीचे खंड परवडतात. त्यातल्या पहिल्या खंडात ती अकरा पानांची गोष्ट, पहिले १७ अंक आणि पहिला वार्षिक अंक येतो. ‘ऑम्निबस’ हा जाडजूड एकत्रित खंड देखणा असतो, पहिल्या ऑम्निबसमध्ये डिटकोचे सगळे ३८ अंक एकत्र आहेत. पण तो छातीवर ठेवून वाचताना श्वास लागतो, त्यामुळे झोपून वाचणाऱ्यांनी जपून.

स्क्रीनवर वाचणाऱ्यांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ॲपमध्ये एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते. फोनवर नाइलाज असतो हे खरं, पण किमान डिटकोच्या काळासाठी ती बंद ठेवा आणि पूर्ण पान पाहा. ३३व्या अंकाच्या सुरुवातीला पीटर एका प्रचंड यंत्राखाली अडकलेला आहे, पाणी गळतंय, मे काकूंचं औषध जेमतेम हाताबाहेर पडलंय. तो पुन्हा-पुन्हा जोर लावतो, तसतशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि यंत्र उचललं जातं ते पूर्ण पानाच्या चित्रात. चौकट-चौकट करून पाहिलंत तर सगळ्या चौकटी सारख्याच आकाराच्या दिसतील आणि डिटकोने पानावर चढवलेलं ते वजन अलगद उतरून जाईल.

(मे ‘काकू’च का, मावशी किंवा आत्या का नाही, असं एकाने विचारलं होतं. बेन हे पीटरच्या वडिलांचे भाऊ. इंग्रजीला नातं नेमकं सांगायची सवय नाही, आपल्याला आहे.)

गती ठरवा, पण अंकांच्या हिशेबाने नको

साठच्या दशकातला अंक वीसेक पानांचा असला तरी शब्दांनी खच्चून भरलेला असतो. कोळी भिंतीवर चढतोय हे चित्रात दिसत असतं, शेजारच्या चौकोनात लेखक तेच सांगत असतो, आणि फुग्यात पीटरही तेच म्हणत असतो. मला असा अंक नीट वाचायला वीस मिनिटं लागतात. २००१ नंतरचा अंक आठ-दहा मिनिटांत संपतो. त्यामुळे ‘रोज पाच अंक’ हा नियम सुरुवातीला फास होतो आणि पुढे नुसतीच धावपळ. त्याऐवजी वेळ ठरवा. मी रोज रात्री अर्धा तास ठेवला आहे आणि गोष्ट दोन भागांची असेल तर पहिल्या भागावर मुद्दाम थांबतो. लेखकाने टांगून ठेवलेला माणूस एक रात्र तरी टांगलेला राहू द्यावा, त्याने त्यासाठी मेहनत घेतलेली असते.

आपल्याकडे गुरुचरित्राचं पारायण करतात त्यात कोणत्या दिवशी किती अध्याय हे ठरलेलं असतं. उत्साह आहे म्हणून कोणी पहिल्याच दिवशी निम्मी पोथी उरकत नाही. इथेही तेच. आठवड्यातून सहा दिवस एकेक अंक वाचला तर सहा महिन्यांत दीडशेच्या आसपास होतात आणि सगळी मालिका तीन वर्षांत. तीन वर्षं ऐकून दचकायचं कारण नाही. ज्यांनी ती निघेल तशी वाचली, त्यांना साठ वर्षं लागली.

सलग वाचणाऱ्याला सगळ्यात आधी छळते ती पुनरुक्ती. प्रत्येक अंकात धोका आधीच ओळखणारी कोळ्याची जाणीव म्हणजे काय ते नव्याने सांगितलेलं, बेन काकांची आठवण नव्याने काढलेली, मे काकूंचं हृदय नव्याने अशक्त. हा गबाळेपणा नव्हे. कुठलातरी अंक कोणातरी पोराचा पहिला असणार, हे धरून लेखक लिहायचे. महिन्याच्या अंतराने ही उजळणी बरी वाटते, दहा मिनिटांच्या अंतराने ती कटकट होते. तेव्हा रोज एकच वाचा, नाहीतर ते निवेदनाचे पिवळे चौकोन बिनधास्त ओलांडा. मी दोन्ही करतो.

वही

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात आणि मग माझ्यासारखे मेलेल्या ग्वेनकडे पाहून चक्रावतात. लांबलचक सारांश लिहायचा नाही, तो कोणीच पुन्हा वाचत नाही. थांबताना फक्त चार प्रश्नांची उत्तरं लिहायची: पीटर राहतो कुठे आणि कमावतो कशावर, त्याचं कोणाशी सूत आणि कोणाशी बिनसलंय, कोणतं गुपित वाचकाला माहीत आहे पण पात्रांना नाही, आणि लेखक-चित्रकार कोण. माझ्या वहीतली ४१व्या अंकाची नोंद अशी आहे: ‘कॉलेजात. पैसे डेली बगल या वर्तमानपत्राला फोटो विकून. मित्र हॅरीशी आता बरं. हॅरीच्या बापाला स्मृतिभ्रंश, आपण गॉब्लिन हा खलनायक होतो हेच विसरलाय, पीटरला माहीत आहे. मे काकूंना काही माहीत नाही. ली, थोरला रोमिटा.’ पुढे ऐंशी अंकांनी हॅरीच्या बापाचं ते विसरणं किती महागात पडतं, ते कळल्यावर या नोंदीची किंमत कळली.

लेखक-चित्रकारांची नावं एवढ्यासाठी की मालिका खरी बदलते ती खलनायकांनी नव्हे, हात बदलल्याने. ३८व्या अंकानंतर डिटकोने मालिका सोडली आणि ३९पासून जॉन रोमिटा (थोरला) आला. त्याच आठवड्यात वाचलं तर धक्का बसतो: खांदे पाडून चालणारा पीटर एकदम देखणा दिसू लागतो, आणि ४२व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत इतके महिने चेहरा लपवून ठेवलेली, पुढे त्याची बायको होणारी मेरी जेन दारात उभी राहते.

मुक्काम कुठे करायचे

पालखी चालते तसेच तिचे मुक्कामही ठरलेले असतात. चालून पाय दुखले म्हणून कोणी माळरानात मध्येच पथारी टाकत नाही. मी १४९वर नेमकं तेच केलं. अजून एक अंक ढकलला असता तर १५०मध्ये तो खरा-खोट्याचा घोळ तेवढ्यापुरता मिटतो. लेखक गेरी कॉनवे १४९ लिहून मालिकेतून बाहेर पडला होता. म्हणजे दारच समोर होतं आणि मी खिडकीतून उडी मारली.

पहिला चांगला मुक्काम ३३वर, आणि फार दम लागला नसेल तर ३८वर. त्यापुढचा ५०व्या अंकाचा, जुलै १९६७चा. या अंकात खुद्द स्पायडरमॅनच सुटी घेतो. आजारी काकू, घसरलेले गुण, वर डेली बगलच्या जेमसनने वर्तमानपत्रातून चालवलेली बदनामी, या सगळ्याला कंटाळून तो पोशाख गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि पावसात चालू लागतो. ते पूर्ण पानाचं चित्र तुम्ही कॉमिक्स वाचत नसलात तरी कुठेतरी पाहिलं असेल. परत येतो तो पश्चात्तापाने नाही: वाटेत एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला वाचवतो, त्याच्यात त्याला बेन काका दिसतात, आणि आपण हे काम कशाला सुरू केलं ते आठवतं. याच अंकात गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिन पहिल्यांदा येतो, म्हणजे गुन्हेगारांनी सुटी घेतलेली नव्हती. इथे थांबायचं असेल तर अंक पूर्ण वाचून थांबा.

९६ ते ९८ हे १९७१चे अंक मुक्कामाचे नाहीत, पण सावकाश वाचायचे आहेत. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने स्टॅन लींना अमली पदार्थांच्या विरोधात काहीतरी लिहा म्हणून सुचवलं. लिहिल्यावर कॉमिक्स कोड नावाच्या स्वनियंत्रण संस्थेने, विषयच निषिद्ध म्हणून, शिक्का नाकारला. मार्व्हलने तीनही अंक शिक्क्याशिवाय काढले. त्याच वर्षी संस्थेला नियम सैल करावे लागले. ॲपवर मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात तो शिक्का दिसत नाही, बोट ठेवून पाहा.

१२२नंतर थांबाच. ही सूचना नाही, तंबी आहे. १२१मध्ये ग्वेन पुलावरून पडते, स्पायडरमॅन जाळं फेकून तिला पकडतो, आणि तिच्या मानेशी मोडल्याच्या आवाजाचा एक बारीकसा ‘स्नॅप’ लिहिलेला आहे. इतका बारीक की घाईत असलेल्याला दिसत नाही. मला पहिल्या खेपेला दिसला नव्हता. (मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन आहे, चित्रात ब्रुकलिनचा. वाद घालणारे पन्नास वर्षं घालताहेत.) १२२च्या शेवटच्या पानावर मेरी जेन दाराशी जाते आणि दार आतून लावून घेते. बस्स. किमान आठवडाभर ते दार लावलेलं राहू द्या.

पुढचे मुक्काम भराभर सांगतो. २००वा अंक, जानेवारी १९८०: बेन काकांना मारणारा चोर परत येतो आणि पहिल्या अकरा पानांचं वर्तुळ मिटतं. मग लेखक रॉजर स्टर्न यांचा काळ. इथे मुक्काम नको, इथे रमा. २२९-२३०मध्ये थांबवताच न येणाऱ्या जगरनॉटला थांबवायचा हट्ट आहे, २३८मध्ये हॉबगॉब्लिन येतो, आणि २४८च्या अंकात एका लहान मुलाला भेटायला स्पायडरमॅन रात्री जातो ती छोटी गोष्ट आहे. तिच्यात एकही ठोसा नाही. १९८७च्या २१व्या वार्षिक अंकातलं पीटर आणि मेरी जेनचं लग्न हा पुढचा थांबा, कारण लग्नानंतर माणसाला थोडं एकटं सोडावं. त्यानंतर ३००, म्हणजे व्हेनम हा खलनायक.

३९३वर मात्र मोठा तळ टाका. ३९४पासून क्लोन सागा सुरू होते आणि १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षं, दर महिन्याला चार मालिकांतून उड्या मारत चालते. ती थोडक्यात आटपायची होती. खपते आहे म्हटल्यावर लांबत गेली. लांबवलेलं दूरदर्शन धारावाहिक पाहिलेल्या कोणालाही ती चव ओळखीची वाटेल. इथे तीन रस्ते आहेत. सगळी वाचायची, त्यासाठी ताजेतवाने होऊन या. फक्त ४००वा अंक वाचायचा, मे काकूंसाठी. नाहीतर सरळ ओलांडायची आणि ४४१ झाल्यावर दुसऱ्या मालिकेच्या ३०व्या अंकावर, २००१ साली, लेखक स्ट्राझिन्स्की आणि धाकटा रोमिटा (थोरल्याचा मुलगा) यांच्या पहिल्या अंकाला उतरायचं. तिसरा रस्ता धरणाऱ्याला कमी लेखणारे भेटतील. त्यांनी मे-जूनमध्ये सगळ्या सागा वाचलेल्या असतात, त्यांना एखादा प्रसंग विचारून पाहा.

५४५वर, २००७च्या अखेरीस, बरेच जुने वाचक रागाने उठून गेले. का, ते सांगून रस घालवत नाही, लग्नाशी संबंध आहे एवढंच. तुम्हालाही राग आला तर तो हक्काचा मुक्काम समजा. नंतर ७०० आणि ८०१ ही तर पाटी लावलेली स्टेशनं आहेत.

थकवा आलाय हे ओळखायचं कसं

काल वाचलेल्या अंकात खलनायक कोण होता, ते आज आठवत नाही. अंक उघडताना आधी किती पानं आहेत ते पाहता. गोष्टीत पुढे काय होतं ते विकीवर वाचून घेता, म्हणजे वाचायला नको. आणि सगळ्यात पक्की खूण: ‘इतके वाचलेच आहेत, तर आता…’ हे वाक्य मनात येतं. हे वाक्य हप्ते भरणाऱ्याचं आहे, वाचणाऱ्याचं नाही.

पण थकवा दोन प्रकारचा असतो आणि औषधं वेगळी. कधी तो टप्पाच पातळ असतो. साठ वर्षांत तसे टप्पे असणारच. कधी तुमचं पोट भरलेलं असतं. ओळखायला एक सोपी चाचणी आहे. तुम्हाला पूर्वी आवडलेला एखादा अंक पुन्हा काढा. माझा २४८. तो वाचून घसा दाटला तर तुम्ही ठणठणीत आहात, सध्याचा टप्पा वाईट आहे. दहा-पंधरा अंक ओलांडून पुढचा लेखक जिथे येतो तिथे उतरा, ब्रेकची गरज नाही. पण तोही अंक कोरडा गेला, तर टॅबलेट मिटा. तुम्हाला पक्वान्नांचं अजीर्ण झालंय आणि अजीर्णावर आणखी एक लाडू हा उपाय नसतो.

ब्रेक घेतला म्हणजे घेतला

वहीत चार ओळी लिहून झाल्यावर पहिलं काम पैशांचं. मासिक वर्गणी असेल तर आपोआप कापले जाणारे पैसे बंद करा. अंक कुठे पळून जात नाहीत, आणि दर महिन्याचा मेसेज येऊन ‘वाचत नाहीस’ म्हणून टोचत राहिला तर ती सुटी राहत नाही. कुठवर वाचलं ते ॲपच्या भरवशावर ठेवू नका, वहीत आहेच.

दुसरं, स्पायडरमॅनच्या जागी स्पायडरमॅन नको. ब्रेक म्हणून त्याचे चित्रपट, त्यावरचे तासातासाचे व्हिडिओ, ‘सर्वोत्तम दहा खलनायक’ छापाच्या याद्या, हा ब्रेक नाही, हे जेवण सोडून फरसाण खाणं आहे. दुसऱ्या सुपरहीरोवर उडी मारण्याचाही फारसा उपयोग होत नाही, तोच मुखवटा, तीच शेवटच्या पानावरची लटकंती. वेगळ्या लयीचं काहीतरी हवं. मी पहिल्या खेपेला काहीच वाचलं नाही, दुसऱ्या खेपेला ‘चिंटू’ची जुनी पुस्तकं काढली. तीन-चार चौकटींत सगळं संपतं, कोणी मरत नाही, कोणी क्लोन नसतं. कपाटात मागच्या वर्षीचे न उघडलेले दिवाळी अंक असतील तर तेही सत्कारणी लावायला हीच वेळ.

किती दिवस? तारीख ठरवू नका, ठरवलेली तारीख परीक्षेसारखी अंगावर येते. तीन आठवडे हात लावायचा नाही एवढी खालची मर्यादा ठेवा. वरची मर्यादा नाही. रस्त्यात, बसमध्ये, भांडी घासताना ‘त्या हॅरीचं पुढे काय झालं असेल’ असं आपलं आपण मनात आलं, की समजा तयारी झाली.

परत येताना

थांबला होता त्याच्या दोन अंक मागून सुरू करा. वहीतल्या चार ओळी आधी, मग हे दोन अंक, मग पुढे. विकीवरचे सारांश टाळा, त्यात झालेलं आणि व्हायचं असलेलं एकाच परिच्छेदात सांगून टाकतात. जुन्या अंकांत संपादक चौकटीच्या तळाशी तारका टाकून ‘हे अमुक अंकात घडलं’ असं सांगतो. त्या तळटीपा परतणाऱ्यांसाठीच लिहिलेल्या आहेत, आता त्यांचा फायदा घ्या. मात्र प्रत्येक तारकेमागे धावलात तर पुन्हा त्या रंगीत तक्त्यापाशी पोचाल.

सहा महिन्यांहून मोठा खंड पडला असेल तर थेट मुख्य रस्त्याला लागू नका. आधी काहीतरी आटोपशीर घ्या. आपल्याला जवळचं म्हणजे २००४ साली गॉथम कॉमिक्सने काढलेलं ‘स्पायडरमॅन: इंडिया’. चारच अंक. गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला पवित्र प्रभाकर, भीम काका, माया काकू, धोतर नेसलेला स्पायडरमॅन, आणि कोळ्याच्या चाव्याऐवजी एका योग्याकडून मिळालेली शक्ती. फार थोर नाही, कथा पाठ असल्यासारखी पुढे सरकते. पण ओळखीची गोष्ट अनोळखी गल्ल्यांत घडताना पाहिली की मूळ गोष्टीची भूक चाळवते, आणि तेवढंच काम तिच्याकडून हवं असतं.

परतल्यावर पहिला आठवडा निम्म्या गतीने. सुटलेले दिवस भरून काढायचे नसतात, कारण कोणी हजेरी घेत नाही.

माझी तिसरी खेप सुरू आहे आणि गेल्या डिसेंबरपासून तळ ३९३वर पडलाय. वहीत शेवटची नोंद अशी: ‘मे काकू इस्पितळात. पीटर स्वतःला माणूस म्हणवून घ्यायला तयार नाही, फक्त कोळी म्हणतो. मेरी जेन घाबरलेली. पुढच्या अंकात दारावर कोणीतरी येणार आहे, ओळखीचा चेहरा.’ काल भांडी घासताना तो शे स्टेडियममधला दुसरा पीटर आठवला. एकोणीस वर्षांनी तोच परत येतोय म्हणे. आज रात्री ३९२ आणि ३९३ पुन्हा काढतो.